दुकानदाराने पक्षाला देणगी दिली म्हणून त्याची मिठाई बंद करायची का?

मनीषनगरकर (धागाकर्ता)

मंडळी, एरवी मी वाचनमात्र असतो, पण या वेळी खरंच अडकलोय म्हणून धागा काढतोय.

नागपुरात मनीषनगरला आमची ८४ फ्लॅटची स्कीम आहे. दिवाळीला सोसायटीतर्फे घरटी एक फराळाचा डबा जातो, वॉचमन, झाडूवाल्या बाया, प्लंबर धरून शंभर डबे होतात. गेली नऊ वर्षं ऑर्डर एकाच दुकानाला. नाव लिहिणार नाही, विचारू नका. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो, ओळखीचं गिऱ्हाईक आलं की चिवडा हातावर ठेवून "मीठ पाहा" म्हणतो, असा माणूस.

मागच्या रविवारी ग्रुपवर एकाने स्क्रीनशॉट टाकला. एका पक्षाला मिळालेल्या देणग्यांची यादी, त्यात या मालकाचं नाव, दुकानाचा पत्ता, चेकने रु. ५१,०००. झालं, रात्री साडेअकरापर्यंत दीडशे मेसेज. एक म्हणतो माझ्या दारात डबा आला तर लिफ्टमध्ये ठेवून देईन, दुसरा म्हणतो ठेवा, मी दोन खाईन. सेक्रेटरींनी पोल टाकला, ४१ विरुद्ध ३०, ऑर्डर दुसरीकडे द्या म्हणून. बाकीचे नेहमीसारखे गप्प. मी कमिटीत आहे त्यामुळे दुकानात जाऊन सांगायचं काम माझ्याच गळ्यात.

तो पक्ष मलाही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण पहिल्या लॉकडाऊनला आई इथे एकटी आणि मी हैदराबादला अडकलेलो, तेव्हा या माणसाने पोऱ्याच्या हाती रोज दूध पाठवलं, पैसे मी तीन महिन्यांनी दिले. हे ग्रुपवर लिहिलं तर "तुम्ही इमोशनल होऊन राहिले" म्हणे.

तर विचारायचं एवढंच की मालकाच्या राजकारणापायी कोणी खरंच दुकान सोडलंय का, आणि सोडलं तर पुढे काय झालं?

तर्रीपोहा

पक्ष कोणता ते सांगा, मग तत्त्व काय ते सांगतो.

मनीषनगरकर

म्हणूनच सांगत नाही.

तर्रीपोहा

बरं दुकान सांगा, शेव खाऊन पक्ष मी ओळखतो :)

झिरोमाईल

यात अडकण्यासारखं काय आहे कळत नाही. मी किराणा बदलला, मेडिकल बदललं, काही बिघडलं नाही. मत द्यायला पाच वर्षांनी बोलावतात, सामान आणायला मी रोज जातो, मग माझे पैसे कुठे जावे हे मी ठरवू नको का? त्याला देणगी द्यायचं स्वातंत्र्य आहे ना, मग मला न घ्यायचं आहे. दुधाचं म्हणाल तर त्याचे पैसे तुम्ही दिले, मिटलं.

आणि नागपूरच्या माणसाने तरी बहिष्काराला नाक मुरडू नये. १९२० च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथेच भरलं आणि असहकाराचा कार्यक्रम इथेच पक्का झाला. परदेशी कापड, सरकारी शाळा, कोर्ट, सगळ्यावर बहिष्कार.

तर्रीपोहा

आणि तेव्हा शहरात स्वदेशी कापडाची मिल कोणती, तर एम्प्रेस. जमशेटजी टाटांनी १८७७ ला काढली आणि नाव दिलं व्हिक्टोरिया राणीच्या किताबावरून. राणीच्या नावाच्या मिलचं कापड घालून राणीच्या सरकारशी असहकार. आपलं गाव पहिल्यापासून असंच आहे.

जुना_हिशेबनीस

निवृत्त माणूस आहे, वेळ आहे, म्हणून हिशेब करून टाकतो.

आधी ती यादी काय असते ते. लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे एका वर्षात २० हजारांच्या वर ज्याने दिले त्याची माहिती पक्षाला निवडणूक आयोगाला द्यावी लागते, नाव, पत्ता, रक्कम, कसे दिले ते. आयोग ते वेबसाइटवर टाकतो. म्हणजे स्क्रीनशॉट चोरीचा वगैरे नाही, उघडी माहिती आहे. रोखीत २ हजारांच्या वर घ्यायला पक्षांना २०१७ पासून बंदी आहे. चेकने दिलं तर देणाऱ्याला आयकरात वजावट मिळते, रोख दिलं तर नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर तशीही नाही.

आता तुमचा वाटा. समजा दुकानाची वर्षाची उलाढाल २ कोटी. (हा माझा अंदाज, शंभर डब्यांची ऑर्डर घेणारं दुकान म्हणून.) ५१ हजार म्हणजे शंभर रुपयांच्या विक्रीमागे साधारण २५ पैसे. तुमच्या डब्यांचे ३५ हजार धरले तर त्यातले नव्वद रुपये. ८४ घरांत वाटले तर घरटी एक रुपया सात पैसे.

फुटाळाकाठी

एक रुपया सात पैशांसाठी दीडशे मेसेज, डेटाच जास्तीचा गेला की!

झिरोमाईल

हिशेबनीसकाका, दुधात माशी पडली तर तिचं वजन करता का?

जुना_हिशेबनीस

करत नाही. पण दुसऱ्या दुधात माशी नाही, हे तरी पाहून घेतो. नव्या दुकानदाराने कोणाला किती दिले, काढलं का कोणी?

मनीषनगरकर

नाही काढलं. ते ग्रुपवर विचारलं तर तिथेही दीडशे मेसेज होतील.

गांधीबागवाला

मी हार्डवेअरवाला, ३१ वर्षं झाली धंद्याले. आता माझं ऐका.

दुकानात पावत्या किती फाडाव्या लागतात तुम्हाले माहीत नाही. गणपती, शारदा, जयंती, शोभायात्रा, मारबत, कोणाचा क्रिकेटचा सामना, कोणाच्या वाढदिवसाचं होर्डिंग. निवडणूक आली की सगळे पक्ष येतात, सगळे म्हणजे सगळे. एकाले दिले अन् दुसऱ्याले नाही दिले असं दुकानदाराले करता येत नाही बाप्पा, अतिक्रमणाची गाडी कोणाच्या शब्दावर येईल सांगता येते का? मी गल्ल्याच्या खाली वेगळा डबाच ठेवला आहे. त्यातून जाते ते कुठल्या यादीत येत नाही, पावती नाही, नाव नाही. म्हणून मी आज तुमच्या हिशेबाने चोख माणूस, माझ्याकडून खिळे घ्याले कोणाची हरकत नाही.

अन् ज्याने चेक दिला, खात्यात लिहिलं, नाव छापू दिलं, त्याच्यावर बहिष्कार. उद्या दुसरा मिठाईवाला काय शिकेल? देऊ नये असं नाही शिकणार. चेकने देऊ नये असं शिकेल.

फुटाळाकाठी

गांधीबागवाल्यांचा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या सोसायटीत लावतो. (पावत्यांच्या यादीत सोसायटीचा गरबा राहिला.)

झिरोमाईल

गांधीबागवाले, मुद्दा चांगला आहे पण अर्धा आहे. वर्गणी जबरीची, तुमच्या डब्यातून गेली, तिथे तुमचं मन नव्हतं. ५१ हजारांचा चेक कोणी जबरीने लिहीत नाही, तो मनापासून असतो. मनापासून दिलेल्याचा जाब मनापासूनच विचारायला हवा.

धरमपेठ_ते_अटलांटा

इकडे हा प्रकार इतका चालतो की आता कंटाळा येतो, म्हणून दोन-चार गोष्टी सांगते.

अमेरिकेत उमेदवाराला किंवा पक्षाला २०० डॉलरच्या वर दिले की नाव, गाव, धंदा, मालक कोण, सगळं संकेतस्थळावर. शेजाऱ्याचं नाव टाकून पाहता येतं आणि लोक पाहतात. २०१० मध्ये कोर्टाने कंपन्यांना निवडणुकीत पैसा ओतायची मोकळीक दिली आणि त्याच वर्षी टार्गेट या दुकानांच्या साखळीने मिनेसोटात एका गटाला दीड लाख डॉलर दिले. तो गट गव्हर्नरपदाच्या ज्या उमेदवाराच्या मागे होता तो समलिंगी लग्नाच्या विरोधात. गिऱ्हाइकं चिडली, बहिष्काराची हाक, शेवटी मुख्याधिकाऱ्याने आपल्याच कर्मचाऱ्यांची माफी मागितली. म्हणजे कधी कधी चालतं.

मग २०१२ ला आमच्याच अटलांटाची चिक-फिल-ए, चिकन सँडविचवाले. मालकाच्या घरच्या फाउंडेशनच्या देणग्यांवरून बहिष्कार. त्यावर उलट्या बाजूच्या लोकांनी १ ऑगस्टला "कौतुक दिवस" जाहीर केला, आणि ज्यांनी आयुष्यात ते सँडविच खाल्लं नव्हतं तेही रांगेत उभे. आमच्या ऑफिससमोरचा रस्ता तुंबला होता. बहिष्कारवाल्यांनी जाहिरात फुकट करून दिली म्हणायची. आणि गंमत म्हणजे सात वर्षांनी, गोंगाट विरल्यावर, कंपनीने देणग्या कोणाला द्यायच्या ते गुपचूप... गुपचूप नाही, जाहीरच, पण बदललं.

सगळ्यात विचार करायला लावला तो मोझिलाचा, म्हणजे फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांचा किस्सा. ब्रेंडन आइक, जावास्क्रिप्ट ज्याने लिहिली तो. त्याने २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका सार्वमतात समलिंगी लग्नाच्या विरोधात एक हजार डॉलर दिले होते, स्वतःच्या खिशातून. २०१४ च्या मार्चमध्ये तो मुख्याधिकारी झाला, ते जुनं नाव वर आलं, एका डेटिंग साइटने तर फायरफॉक्समधून येणाऱ्यांना "दुसरा ब्राउझर वापरा" अशी पाटी दाखवली. दहा-अकरा दिवसांत राजीनामा. माझ्या ऑफिसात दोन समलिंगी सहकारी होते, एक म्हणाला बरं झालं, दुसरा म्हणाला माझ्यासाठी हे करायला कोणी सांगितलं होतं? दोघांचंही मला पटलं, अजून पटतं.

होम डेपो या दुकानांच्या साखळीचं तर विनोदीच. २०१९ ला लोक चिडले ते संस्थापक बर्नी मार्कसवर, आणि ते २००२ लाच निवृत्त झालेले! आता टेस्लावाले गाडीला "मालक बिघडायच्या आधी घेतली होती" अशा अर्थाचं स्टिकर लावून फिरतात.

तर्रीपोहा

ते स्टिकर आपल्याकडे डब्याला लावता येईल. "चेक लिहायच्या आधी तळली होती."

कोथरूडकर

चर्चा छान. पण मूळ प्रश्न राहिला, या दुकानात कोथिंबीर वडी मिळते का? नागपूरची ऐकून आहे.

मनीषनगरकर

सांबारवडी. कोथिंबीर वडी तुमच्याकडची, ती वेगळी.

कोथरूडकर

सांबार म्हणजे इडलीबरोबर असतं ते?

फुटाळाकाठी

यांच्यावर बहिष्कार टाका आधी.

चकलीताई

कोथरूडकर, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. वर बेसनाची पातळ पोळी, आत सांबार, खोबरं, खसखस, चारोळी, आतून चिंचगुळाचा हात, मग पुडीसारखी मुडपून तळायची. पुडाची वडी पण म्हणतात. थंडीत सांबार स्वस्त झाला की करायची, आता दिवाळीला करतात ती खरी नाही.

बाकी विषयावर लिहू का नको असं झालं होतं. मी त्रिमूर्तीनगरला घरून चकली-अनारसे करून दोन दुकानांना देते, सोबत तीन बाया आहेत. चार वर्षांमागे त्यातल्या एका दुकानाच्या मालकाच्या मुलाने फेसबुकवर काहीबाही लिहिलं, एका मोठ्या ऑफिसने ऑर्डर काढून घेतली. मालकाला काय झालं? त्याने आम्हाला ४० किलो कमी सांगितलं. चकली भाजणी करून ठेवली होती, ती होळीपर्यंत पुरवून पुरवून वापरली. मुलाने ती पोस्ट अजून काढलेली नाही. मी म्हणत नाही की घ्याच, पण धक्का कुठे लागतो ते सांगितलं.

झिरोमाईल

चकलीताई, वाईट वाटलं वाचून, खरंच. पण हाच न्याय लावला तर कुठल्याच धंद्याला कधीच काही म्हणता येणार नाही, कारण खाली कोणीतरी हातावर पोट असणारं असतंच. आणि ऑर्डर दुसऱ्या दुकानात गेली तर तिथल्याही कोणा बाईंना ४० किलो जास्तीचे मिळाले असतील.

चकलीताई

मिळाले असतील. त्या मी नव्हते.

निळीपहाट

बहिष्कार शब्दावरून थोडं अवांतर.

आमचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, गावाहून पायी आणि मग रेल्वेने आले होते. परत गेले, मेलेली ढोरं ओढणं बंद केलं, घरातले देव विहिरीत टाकले. आठवडाभरात किराणावाला मीठ देईना, चक्कीवाला दळून देईना, शेतावरचं काम बंद. आजी जात्यावर दळायची आणि मिठासाठी दुसऱ्या गावच्या बाजाराला जायचं. आमच्या घरात बहिष्कार म्हणजे हे. बाबासाहेबांनी १९२७ ला पाक्षिक काढलं त्याचं नावच "बहिष्कृत भारत" होतं.

त्यामुळे शंभर डबे दुसरीकडून आणण्याला एवढा मोठा शब्द वापरला की मला हसू येतं. झिरोमाईल म्हणतात तो हक्क मला मान्य आहे, उलट मी म्हणतो गरिबाच्या हाती तेवढंच असतं. बॉयकॉट हे मुळात एका माणसाचं आडनाव, १८८० मध्ये आयर्लंडात जमीनदाराचा कारभारी होता, कुळांनी त्याचं पीक कापायला नकार दिला, दुकानांनी सामान दिलं नाही. तिथे खालचे लोक वरच्याच्या विरोधात होते. माझ्या आजोबांच्या गावात वरचे खालच्याच्या. तुमच्या स्कीमचा मिठाईवाला वर आहे का खाली, एवढं पाहा.

मनीषनगरकर

निळीपहाट, हे वाचून थांबलो थोडा वेळ. एक गोष्ट मी मूळ धाग्यात लिहिली नव्हती. ग्रुपवर एकाने असंही लिहिलं की दिवाळीत स्वतःच्या घरी त्या दुकानाची पिशवी कोण आणतो ते गेटवर दिसेलच.

फुटाळाकाठी

म्हणजे आता वॉचमनला पिशव्या तपासायला लावणार? आणि त्याच्या डब्याचं काय?

कोर्टाच्या_पायरीवर

वकिली सल्ला फुकट. आपल्या राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो जातपंचायती आणि समाजाच्या नावाने वाळीत टाकणाऱ्यांसाठी आहे, गिऱ्हाइकाने दुकान बदललं म्हणून कोणी आत जात नाही. मात्र "त्याचं तेल खराब आहे" असलं खोटं कोणी पसरवलं की बदनामीचा मामला होतो. असे मेसेज ग्रुपवर आलेत का?

मनीषनगरकर

दोन आलेत. नऊ वर्षं तेल चांगलं होतं, रविवारपासून खराब झालं.

संत्रानगरीचा_संजू

मला एकच सांगा. २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे (नाव गुप्त ठेवून पक्षाला पैसे द्यायची सोय) रद्द केले, १४ मार्चला यादी बाहेर आली. एका लॉटरीवाल्या कंपनीचे १३६८ कोटी, हैदराबादच्या बांधकामवाल्यांचे ९६६ कोटी. त्यात औषध कंपन्या होत्या, मोबाईलवाले होते, सिमेंटवाले होते. आपल्यापैकी कोणी बीपीची गोळी बदलली? सिम बदललं? तुमची स्कीम ज्या सिमेंटची आहे ते कोणाचं ते पाहिलं? तेव्हा दोन दिवस मीम पाठवले आणि झोपलो. ५१ हजारवाला सापडला कारण तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

झिरोमाईल

सिम बदललं होतं मी. रेंज येत नव्हती, परत घेतलं. :|

जुना_हिशेबनीस

हे प्रामाणिक. आणि संजूच्या मुद्द्याला जोड : कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देता यायचं, ती मर्यादा २०१७ ला काढली होती. त्याच निकालात कोर्टाने ती दुरुस्तीही रद्द केली. याबद्दल कुठल्या सोसायटीत पोल झाल्याचं ऐकलं नाही.

व्यवस्थापक

पक्षांची नावं आलेले सहा प्रतिसाद उडवले आहेत. अंदाज बांधायची स्पर्धा बंद करा. (सहा प्रतिसादांत चार वेगवेगळे पक्ष होते.)

तर्रीपोहा

चारांपैकी एक बरोबर होता का, एवढंच सांगा मालक.

धरमपेठ_ते_अटलांटा

मनीषनगरकर, एक सुचवू? आम्ही सगळे त्याने तो चेक का दिला असेल यावर बोलतोय. वर्गणी असेल, दबाव असेल, टॅक्स असेल. त्यालाच विचारा ना.

गांधीबागवाला

खरं आहे. अन् रिकाम्या हाताने जाऊ नका, पावशेर काही तरी घ्या.

मनीषनगरकर

चार दिवसांनी येतोय. जाऊन आलो.

संध्याकाळी गर्दी होती म्हणून नऊनंतर गेलो. पावशेर शेव घेतली (गांधीबागवाले, नोंद घ्या). स्क्रीनशॉट दाखवला आणि म्हटलं, दादा, हे कोणी दबाव आणून घेतले का तुमच्याकडून? मला वाटलं होतं तो हो म्हणेल आणि मी ग्रुपवर जाऊन तसं सांगीन. मनात वाक्यंसुद्धा तयार होती.

तो म्हणाला, नाही जी, दबाव कायचा? मीच दिले. वडलांपासून आम्ही त्यांचेच आहो. पुढच्या वर्षी जमलं तर लाख देईन.

आता काय बोलणार? म्हणजे झिरोमाईल बरोबर निघाले, मनापासूनच होतं. मी म्हटलं, सोसायटीत काही लोकांना हे पटलेलं नाही, या वर्षी ऑर्डर दुसरीकडे जाते आहे. तो दोन मिनिटं काही बोलला नाही, एका पोराला काजूकतली मोजून दिली. मग म्हणाला, जाऊ द्या, ज्याच्या त्याच्या मनाचं आहे. मला जरा हलकं वाटलं आणि मी निघणार तेवढ्यात त्याने गल्ल्यातून लाल वही काढली. मागच्या दिवाळीला ऐन वेळी १२ डबे वाढवून घेतले होते, त्याचे ४,२०० अजून सोसायटीकडून यायचे आहेत. वर्षभर मागितले नाहीत, म्हणे ऑर्डर येईलच, तेव्हा घेऊ, असं वाटलं होतं.

फुटाळाकाठी

अरे देवा.

जुना_हिशेबनीस

४,२०० म्हणजे घरटी पन्नास रुपये. त्या पक्षाला तुमच्याकडून गेले एक रुपया सात पैसे.

झिरोमाईल

ते आजच द्या. ऑर्डरचं मत माझं बदललेलं नाही, पण ते आजच द्या.

चकलीताई

त्या वर्षी आईंना दूध नेऊन द्यायचा तो पोरगा अजून आहे का तिथे?

मनीषनगरकर

आहे. आता काउंटरवर असतो, शेव त्यानेच बांधून दिली. ४,२०० चं वहीचं पान फोटो काढून ग्रुपवर टाकलं आहे काल रात्री दहाला. ६३ जणांनी पाहिलं. सेक्रेटरींनी सकाळी गुड मॉर्निंग टाकलं.